बारीक न होणारी बत्ती

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी धाडसाची अपेक्षा ठेवणार नाही. ऑफिसात माझा आवाज मोठा आहे. साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी जरा जपून येतात. पण तो निम्मा आवाज भीतीचाच असतो. भ्यालेलं कुत्रं जास्त भुंकतं, असं आई म्हणते आणि म्हणताना माझ्याकडं बघते.

हिवाळ्यात माझ्या भीतीची वेळ ठरलेली असायची. साडेसहा ते सात. मी परभणीत ऑफिसातून घरी आलेली असायचे, चहाचं आधण ठेवलेलं असायचं आणि मोबाईल ओट्यावर, नजरेसमोर. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्या वेळी सोनपेठहून आमच्या गावाकडं निघालेले असायचे. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही कान अधू, आणि बुडाखाली माझ्याहून म्हातारी फटफटी. घरी पोचले की त्यांनी मला एक मिस कॉल द्यायचा, एवढाच आमचा करार. फोनवर बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलायचा प्रश्नच नव्हता. एकदा वाजून बंद झाला की माझा जीव भांड्यात पडायचा. सात वाजून गेले आणि फोन गप्प राहिला की मग सुरू. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर त्या कामात तरबेज. चहा उतू जायचा आणि मी तो बघत उभी असायचे.

अप्पा प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते रोज सोनपेठला जाऊन तहसीलबाहेरच्या लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. कुणाचा निराधार योजनेचा, कुणाचा रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा. मोबदला म्हणून एका अर्जाला एक कप चहा. दिवसाला सात-आठ अर्ज व्हायचे, आणि मग रात्री झोप लागत नाही अशी तक्रार. चहा सोडा म्हटलं तर म्हणायचे, "मग अर्जाला इज्जत काय राहिली?"

ती फटफटी म्हणजे आमच्या वस्तीतली पहिली गाडी. अप्पांनी ती जुनीच घेतली होती, एका बदली होऊन निघालेल्या मास्तरांकडून. वस्तीतला माणूस गावातून गाडीवर बसून जातो, वेशीत उतरून ढकलत नेत नाही, हे तेव्हा काहींना रुचलं नव्हतं. पुढं त्यातलेच काही जण बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं म्हणून आमच्या दारात उभे राहिले. अप्पांनी कुणाला नाही म्हटलं नाही. दहावीची परीक्षा झाल्यावर त्यांनी मला ती गाडी शिकवली. किक मारताना मी दोनदा पडले, सगळी वस्ती हसली, तिसऱ्यांदा सुरू झाली. धाडसाचं म्हणता येईल असं माझ्या नावावर एवढंच.

आता बत्तीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

त्या गाडीचा दिवा बॅटरीवर नव्हता. बॅटरी नव्हतीच. इंजन फिरेल तशी वीज तयार व्हायची आणि तेवढाच दिवा पेटायचा. ॲक्सिलेटर पिळला की पिवळा उजेड वाढायचा, सोडला की बारीक व्हायचा, आणि गाडी उभी करून इंजन नुसतं धुकधुकत ठेवलं तर दिव्यात उदबत्तीच्या टोकाएवढी लाली उरायची. म्हणजे खड्डे आले, चिखल आला, गाडी हळू घ्यावी लागली, की नेमकं तेव्हाच दिसेनासं व्हायचं. गरज असेल तेव्हा पाठ फिरवणारे पाहुणे असतात ना, तशी ती बत्ती.

आणि रस्ता कसला, तर उसाचा. दिवाळीनंतर आमच्याकडं हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, अर्ध्या रस्त्यावर आलेला ऊस, मागं दिवा नाही. असला तर पाचटाखाली झाकलेला. ट्रॉली पंक्चर झाली की ड्रायव्हर ती रस्त्यातच सोडतो, मागं खूण म्हणून दोन दगड मांडतो आणि चाक घेऊन निघून जातो. अंधारात ते दगड तरी कुणाला दिसणार? दर हंगामात आसपासच्या कुठल्या तरी गावात कुणी तरी मागून जाऊन धडकलेला असतो. ऑफिसातल्या टपालाच्या गठ्ठ्यांत बसून मी रोज त्या ट्रॉल्या मोजायचे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका शनिवारी मी गावी गेले, तर अप्पांच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लालसर ओरखडा. विचारलं तर हसून म्हणाले, "उसानं मुका घेतला." समोर उभी ट्रॉली त्यांना दिसलीच नव्हती. गाल पाचटाला लागला तेव्हा कळलं, आणि हँडल वळवलं. गालाला लागलं म्हणजे डोकं किती अंतरावर होतं, याचा हिशोब मी रात्रभर करत राहिले. आई शेजारी गाढ झोपली होती. मला तिचाही राग आला.

सकाळी मी विषय काढला. "अप्पा, आता एलईडी बत्ती मिळती. पांढरीशुभ्र, दिवसासारखी. बसवून घेऊ."

"कशाला? हाय ती बरी हाय."

"काय बरी हाय? दिसतंय का तिच्यात काही?"

"दिसायला न्हाई ती. मला सांगायला हाय." ते शांतपणे म्हणाले. "मला इंजनाचा आवाज येतोय का आता? बत्ती बघून गेअर टाकतो मी. बारीक झाली की समजायचं गाडी दमली, गेअर उतरवायचा. मोठी झाली की चढवायचा. समोरच्यालाबी तीच सांगती, गुरुजी थांबले का यायलेत."

"हे आपलं काहीतरीच," मी म्हणाले. म्हातारी माणसं जुनी वस्तू टाकायची नसली की अशी कारणं काढतात, असं मला वाटलं. त्यांचं वाक्य अर्धंच ऐकून मी उठले. उरलेलं अर्धं नंतर फार महाग पडलं.

फेब्रुवारीत मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. उन्हाळा-पावसाळा गेला. गेल्या डिसेंबरात मात्र मी सरळ खोटं बोलले. गाडीचे कागद परभणीला नवे करून घ्यावे लागतात, गाडी दाखवायला न्यावी लागते, दोन दिवस लागतील, असं सांगितलं. कागद खरंच संपत आले होते, त्यामुळं खोटं पचलं. गुरुवारी रजा टाकून गावी गेले आणि भर दुपारी गाडी घेऊन निघाले. अप्पांनी पेट्रोलची टाकी पुसून दिली, जणू पोरगी सासरी चालली होती. म्हणाले, "शनिवारी अंधार पडायच्या आत ये. आन् सोनपेठ सोडलं की मला मिस कॉल दे. रोज माझ्याकडून घेतीस न्हवं?"

परभणीत स्टेशनच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत. जुन्या गाड्या त्यांच्याइतक्या कुणाला कळत नाहीत. त्यांनी दिव्याचा डूम उघडला, म्हणजे तो गोल पत्र्याचा वाडगा, आतला बल्ब काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"गुरुजींनी सांगितलं का हे करायला?"

"मी सांगतेय," मी म्हणाले. "आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. तुमीबी सांगू नका."

"बत्ती बदलायची म्हंजे नुसती बत्ती बदलायची न्हाई, ताई. सहा व्होल्टाची गाडी हाय. कॉइल उकलून नवी तार गुंडाळावी लागती, रेग्युलेटर टाकावा लागतो, बॅटरी बसवावी लागती. मग ही बत्ती इंजनाचं ऐकणार न्हाई. गाडी पळू द्या का उभी ऱ्हाऊ द्या, सारखीच जळणार."

"तेच तर पाहिजे."

"आन् एक हाय. हा डूम जुन्या बल्बासाठी बनलेला हाय. यलईडीचा उजेड त्याच्यात नीट बसत न्हाई, फाकतो. समोरच्याच्या डोळ्यात जातो. डिप्परवरच, म्हंजे खालच्या बत्तीवरच चालवा. वरची बत्ती लावूच नका म्हना."

मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात फरक आहे, हे मी ऑफिसात रोज लोकांना सुनावते.

शनिवारी दुपारी दोनला गाडी मिळणार होती, मिळाली सव्वाचारला. मिस्त्रींनी कळकट पडदा ओढून शेडात अंधार केला आणि भिंतीवर उजेड टाकून दाखवला. अख्खी भिंत पांढरी झाली. लटकवलेल्या चेनी, भिंतीतली खिळ्याची भोकं, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं, सगळं दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नवी बॅटरी होती म्हणून त्यांनी हॉर्नही नवा लावून दिला होता. जुना हॉर्न घसा बसल्यासारखा बोलायचा. हा वाजला तेव्हा मीच दचकले. जुना बल्ब त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये टाकला.

गंगाखेड ओलांडेपर्यंत उजेड होता. नंतर दिवस बुडाला आणि मी बत्ती लावली. खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या रस्त्याची भीती वाटली नाही. रस्त्यावर पडलेलं एकेक उसाचं कांडं दिसत होतं. एक ट्रॉली दिसली, शंभर-दीडशे पावलांवरून दिसली, मागचे दोन दगडसुद्धा दिसले. मी ऐटीत वळसा घालून पुढं गेले. समोरून येणारे दोघं-तिघं दिवा चालू-बंद करून काहीतरी सांगत होते, एक जण ओरडलाही. मला वाटलं, बाईमाणूस गाडीवर बघून चेकाळलेत. वरची बत्ती मी एकदाही खाली केली नाही. खाली केली की उजेड आखूड व्हायचा, आणि आखूड उजेडाच्या पलीकडं ट्रॉली असेल, असं वाटायचं. सोनपेठ आलं आणि गेलं. मिस कॉल द्यायचा राहिला. एवढा उजेड हातात असताना माणसाला फोनची आठवण कशी राहील?

आमच्या गावाच्या अलीकडं अर्ध्या किलोमीटरवर ओढा आहे. त्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला पूल. एका वेळी एकच वाहन जाईल एवढा रुंद, आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही. एका पुरात कठडा वाहून गेला, तो पुन्हा झालाच नाही. पुलावर मी पोचले तेव्हा मधोमध एक माणूस उभा दिसला. पांढरा सदरा, डोक्याला गुंडाळलेला मफलर, हातात काठी. दुसरा हात त्यानं डोळ्यांवर आडवा धरला होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.

मी पुलाच्या तोंडाशी थांबले. पाय खाली टेकवला. इंजन धुकधुकत होतं. हा इकडं येईल, मग मी जाईन, असा माझा विचार. तो मात्र हलेना. हात डोळ्यांवर धरून तसाच उभा. मी थांबले होते आणि तोही थांबला होता. थंडीनं माझी बोटं आखडली होती, सव्वादोन तास त्या सीटवर बसून पाठीचा काटा ढिला झाला होता, आणि हा मठ्ठ माणूस मध्येच खांबासारखा. माझा स्वभाव मी सुरुवातीला सांगितलाच आहे.

मी हॉर्न दिला.

तो दचकला, आणि गाडीला वाट द्यावी म्हणून चटकन एक पाऊल बाजूला सरला. मग आणखी एक. दुसऱ्या पावलाखाली पूल नव्हता.

काठी पुलावर राहिली, माणूस दिसेनासा झाला. खालून काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. गाडी स्टँडवर लावायला मला जमेना, ती तशीच बांधावर कलती टाकली. आपल्या हातून माणूस मेला, एवढंच डोक्यात होतं. पळून जावं असंही एक क्षण वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला. कण्हत, पण स्पष्ट, वर्गाला शिकवावं तसा.

"ओ पाव्हणं! हळू घ्या गाडी! फुडं पुलाला कठडा न्हाई!"

तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आले होते.

मी कशी खाली उतरले ते मला आठवत नाही. हाताला बाभळीचे काटे रुतले होते, ते दुसऱ्या दिवशी कळलं. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. अप्पा काठाच्या चिखलात एका कुशीवर पडले होते, उजवा हात अंगाखाली. वरून तो पांढरा उजेड आमच्या डोक्यावरून पलीकडच्या झाडांवर पडला होता आणि आम्ही दोघं अंधारात. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अप्पा, मी हाय! मी!"

"तू?" ते म्हणाले. "तू कुठून आलीस? गाडी कुठंय?"

"तीच गाडी हाय. आपलीच."

त्यांनी मान वळवून वरच्या उजेडाकडं बघितलं. मग म्हणाले, "बत्ती बारीक झाली न्हाई. मी वाट बघत व्हतो. म्हणलं बारीक झाली की समजंल, थांबला माणूस. मग जावं."

मला तेव्हा कळलं. त्या पुलावर हाच रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नाही, कुणी कुणाला शिकवलेला नाही. त्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची बत्ती गाडी थांबली की बारीक होते. समोरची बत्ती बारीक झाली म्हणजे समोरच्यानं वाट दिली, तुम्ही पूल ओलांडा. मोठी आहे म्हणजे तो येतोय, तुम्ही सरा. नव्या बत्त्यांच्या गाड्यांवरची पोरंसुद्धा पुलाशी थांबली की खटका बंद करतात आणि माणूस ओलांडला की चालू करतात. सगळ्या गावाला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते मला, कारण मी नेहमी दिवसाउजेडी एसटीनं येणारी. आणि अप्पा ते सांगत होते तेव्हा मी उठून गेले होते.

मी थांबले होते. तो उजेड मात्र त्यांच्याकडं येतच राहिला.

मागून ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या उसाच्या, मागं दिवा नसणार हे नक्की. ज्यांच्या नावानं मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी बोटं मोडली, त्यांतलाच एक. ड्रायव्हरनं पुलाशी गाडी थांबवली, खाली उडी टाकली आणि अप्पांना बघून म्हणाला, "अरे, हे तर लिंबाखालचे गुरुजी! माझ्या मायचा अर्ज यांनीच लिहिला व्हता." त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं अप्पांना उचललं. ट्रॅक्टर मागं वळेना, मग फोन करून गावातून जीप मागवली. ती येईपर्यंत त्यांनी ट्रॉलीतल्या पाचटाचा बिछाना करून अप्पांना त्यावर निजवलं. अप्पांचं अंग थरथरत होतं. मी माझा स्वेटर काढून त्यांच्यावर घातला आणि माझेही दात वाजायला लागले. जीपची वाट बघताना मी पर्समधून मोबाईल काढला. सात मिस कॉल होते. सगळे अप्पांचे. सोनपेठहून माझा कॉल आला नाही, म्हणून ते माझ्या काळजीनं पुलापर्यंत चालत आले होते.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि बरगडीला मार होता. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं थोडक्यावर निभावलं. मी मान हलवली. मला फक्त ते मनगट दिसत होतं. त्याच मनगटानं अप्पा ॲक्सिलेटर पिळायचे आणि त्याच मनगटानं अर्ज लिहायचे.

आई दवाखान्यात आली ती रडली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पुलावर बत्ती मला दारातून दिसली व्हती. पांढरी. म्हणलं कुणी बाहेरचं आलंय. तवा चुलीवर ठेवला न्हाई." रोज ती पिवळी बत्ती पुलावर बारीक-मोठी होताना दिसली की ती तवा ठेवायची, म्हणजे अप्पा हातपाय धुऊन बसेपर्यंत भाकरी तयार. तिच्याही घड्याळाची मी वाट लावली होती.

मी मिस्त्रींकडं गेले आणि म्हणाले, जुनं होतं तसं करून द्या. ते म्हणाले, "जुनी कॉइल उकलली ना, ताई. ती तार आता कुठून आणू?" जुना बल्ब माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं आहे. डबा काढताना हाताला लागला की मी तो पुन्हा मागं सारते.

अप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वस्तीतलं कुणी भेटायला आलं की सांगायचे, "माझाच पाय घसरला." प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वळेना. गाडी तर सुटलीच. लिंबाखाली जायचं मात्र त्यांनी सोडलं नाही, आता एसटीनं जातात. डाव्या हातानं अर्ज लिहितात. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं, एका अर्जाला तासभर लागतो. दिवसाला दोन चहा होतात. "झोप आता चांगली लागती," असं मला सांगतात, आणि मी दुसरीकडं बघते.

गाडी माझ्याकडं परभणीत असते. दर शनिवारी मी तिच्यावरून गावी जाते. एसटीनं जाता येईल, पण ज्या दिवशी मी त्या पुलाला घाबरून एसटीत बसेन त्या दिवसापासून कायमची बसेन, हे मला माहीत आहे. सोनपेठ सोडलं की मिस कॉल देते. मग अप्पा काठी घेऊन पुलाकडं निघतात. कितीदा सांगितलं येऊ नका म्हणून. ऐकू आलं नाही असं दाखवतात.

यंदाचा फेब्रुवारी संपत आला होता. त्या शनिवारी ऑफिसातून निघायला उशीर झाला आणि पुलावर पोचेपर्यंत काळोख पडला. पलीकडच्या टोकाला पांढरा सदरा दिसला. मी पुलाच्या अलीकडं थांबले, पाय टेकवला आणि खटका बंद केला.

काही म्हणजे काही दिसेना. पांढऱ्या उजेडानंतरचा अंधार जास्त काळा असतो. अप्पा कुठं आहेत ते दिसत नव्हतं. पुलाची कड कुठं आहे तेही नाही. फक्त काठीचा आवाज, टक, मग बऱ्याच वेळानं पुन्हा टक. मध्ये एकदा तो थांबला. ओरडून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू आलं नसतं. हॉर्नवरचा अंगठा मी दुसऱ्या हातानं बाजूला ओढून धरला होता. तेवढ्यात मागून, लांबून, ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. उसाचा. आणि मी त्याच्या रस्त्यात, बिनदिव्याची, अंधारात उभी. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते सगळं माझ्या मागून आणि पुढून एकदमच आलं होतं. दिवा लावावा तर अप्पा दचकतील, न लावावा तर मागचा येऊन धडकेल. मी खटक्यावर बोट ठेवून बसले. ट्रॅक्टरचा आवाज वाढत होता. काठी वाजत होती. टक. टक.

मग डूमवर एक हात येऊन टेकला.

"लाव आता," अप्पा म्हणाले. "मागून गाडीची बत्ती दिसायलीय."

मी दिवा लावला. ते मागं बसले. तो न वळणारा उजवा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही पूल ओलांडला. मी गाडी चालत्या माणसाच्या चालीनं घेतली.

घरी चुलीवर तवा तापला होता, पहिली भाकरी फुगत होती.

"पुलावर बत्ती गेलेली दिसली," आई म्हणाली. "म्हणलं, आपलेच हायेत."

मी हात धुवायला मागं गेले. पाणी लय गार होतं. हात स्वच्छ झाले तरी मी धूतच राहिले, कारण ते थरथरायचे थांबत नव्हते आणि तसे हात घेऊन मला अप्पांच्या शेजारी जेवायला बसायचं नव्हतं.